बंगला फोटोतला, जबाबदारी कोणाची?

मे महिना, दिवाळी, नाताळ किंवा शनिवार-रविवारला जोडून आलेली एखादी सुट्टी साधून मुंबई-पुण्याबाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांची एक सवय अलीकडच्या वर्षांत पुरती बदलली आहे. पूर्वी हॉटेलात खोल्या घेतल्या जात. आता दोन-तीन कुटुंबे मिळून अख्खा बंगला घेतात. अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर, तारकर्ली, इकडे लोणावळा, पाचगणी, खाली गोव्यात आसगाव, मोरजी अशा गावांतील असंख्य घरे आज इंटरनेटवरील संकेतस्थळांवरून भाड्याने मिळतात. घर निवडले जाते ते मोबाइलच्या पडद्यावर, पंधरा-वीस छायाचित्रे पाहून. पैसे भरले जातात ते आगाऊ आणि बहुधा पूर्ण. घराची प्रत्यक्ष भेट मात्र होते ती चार-पाच तासांचा प्रवास करून, म्हाताऱ्याकोताऱ्यांसह आणि सामानासह दारात उभे राहिल्यावर. छायाचित्रातले घर आणि दारातले घर एक नाही, हे त्या क्षणी लक्षात आले तरी परत फिरण्याचा पर्याय केवळ कागदावरच असतो. सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजता दिवेआगरात दहा माणसांची दुसरी सोय कोठून होणार?

अशा फसगतीच्या कथा नातेवाइकांच्या बैठकीत रंगवून सांगितल्या जातात आणि हसण्यावारी नेल्या जातात. दोन रात्रींचा तर प्रश्न, कशाला कटकट, असे म्हणून विषय संपतो. वस्तुतः दोन रात्रींसाठी मोजलेली रक्कम अनेकदा घरातील एकाच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास जाते, आणि वर्षातून एकदाच जुळून आलेली रजा परत मिळत नाही. तरीही ग्राहक तक्रार करत नाही, कारण तक्रार कोणाकडे करायची हेच त्याला उमगत नाही. बंगल्यावरचा केअरटेकर मालकाकडे बोट दाखवतो, मालक संकेतस्थळाकडे, आणि संकेतस्थळाचा प्रतिनिधी फोनवर सांगतो की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. या तिघांपैकी जबाबदार कोण, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. फोटो कसा काढला, हा त्यामानाने किरकोळ.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. घर अस्तित्वातच नाही, संकेतस्थळ बनावट आहे आणि पैसे घेणारा पसार झाला, हा सरळ गुन्हा आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये अशा बनावट आरक्षणांबाबत इशारा दिला होता. केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधाम मार्गावरील अतिथिगृहे, धार्मिक सहली यांच्या नावाने भाविकांना लुबाडले जात असल्याचे त्यात म्हटले होते. अशा प्रसंगी १९३० या क्रमांकावर तातडीने फोन करणे हा मार्ग आहे. प्रस्तुत विषय मात्र त्याहून निसरडा आहे. येथे घर असते, पत्ता असतो, किल्लीही मिळते. मिळत नाही ते कबूल केलेले.

या जाहिरातींचे वैशिष्ट्य असे की त्यांत धडधडीत खोटे क्वचितच असते. 'समुद्रापासून पाच मिनिटे' हे खरे असते, पण मोटारीने. तेही वाटेतले फाटक उघडे असेल तर. 'जलतरण तलाव उपलब्ध' हे खरे असते, पण तो एकाच आवारातल्या चार बंगल्यांना मिळून असतो. तीन खोल्यांपैकी एका खोलीत वातानुकूलन यंत्र असते आणि नेमका त्याच खोलीचा फोटो वर असतो. समुद्र दिसतो, तो गच्चीच्या पाण्याच्या टाकीवर चढून. रुंद कोनाच्या भिंगातून दहा बाय बाराची खोली दिवाणखान्यासारखी भासते. चौकटीच्या अगदी बाहेर शेजारच्या बांधकामाचे पिलर उभे असतात. मालकाला विचारले तर तो म्हणेल, यात खोटे काय? परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या केली आहे, तीत महत्त्वाची माहिती हेतुतः दडवणेही येते. चौकट कोठे संपवायची याचा निर्णयही अशा वेळी माहिती दडवण्याचा निर्णय ठरू शकतो.

कोकणच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, जी डोंगराळ किंवा कोरड्या प्रदेशात इतकी जाणवत नाही. येथे घराचे वय वर्षांत मोजता येत नाही, ते पावसाळ्यांत मोजावे लागते. बंगला बांधून पूर्ण होतो, आतली सजावट करणारी कंपनी व्यावसायिक छायाचित्रकार बोलावते, एप्रिलच्या स्वच्छ उन्हात फोटो निघतात आणि ते संकेतस्थळावर चढतात. त्यानंतर जून येतो. चार महिने कोसळणाऱ्या पावसात जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ चढते, गिलाव्याला ओल येते, बंद खोल्यांतल्या गाद्यांना कुबट वास लागतो, लाकडी कपाटांची दारे फुगून बसतात. खाऱ्या हवेने खिडक्यांची गजे, गॅसची शेगडी, पंख्यांची पाती, सारे गंजते. हे घर राखायचे तर दर पावसाळ्यानंतर रंग, ओल काढणे, गाद्या उन्हात घालणे, नळांची आणि विजेची दुरुस्ती हे सगळे करावे लागते आणि त्याला पैसा लागतो. ज्याचे घर आहे आणि जो तिथेच राहतो तो हे करतोच. परंतु पुष्कळ बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्यात राहतात. घर गुंतवणूक म्हणून घेतलेले असते, चालवायला तिसऱ्याच माणसाला दिलेले असते आणि त्या चालवणाऱ्याचे लक्ष चालू हंगामातल्या रात्री भरण्याकडे असते. दोन-तीन पावसाळे उलटतात. पडद्यावर एप्रिलचे ऊन तसेच असते.

याचे टोकाचे उदाहरण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दाखवून दिले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ उत्पन्न द्यायला बरीच वर्षे घेते, वाडीची सावली परत यायला तर त्याहून अधिक. वादळापूर्वी काढलेला वाडीतल्या घराचा फोटो वादळानंतर लावलेला असेल, तर तो फोटो त्याच घराचा असूनही त्या जागेचा उरत नाही. फोटोवर तारीख नसेल, तर पाहणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही.

कोकणात पाहुण्यांना घरी ठेवून घेण्याचा व्यवसाय काही इंटरनेटने आणलेला नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याच्याही आधीपासून गणपतीपुळे, हर्णै, मालवण येथे 'राहण्या-जेवणाची घरगुती सोय' अशा हाताने रंगवलेल्या पाट्या दिसत. त्या घरांत फार सुखसोयी नव्हत्या. न्हाणीघर मागच्या दारी, आंघोळीचे पाणी चुलीवर तापलेले, झोपायला पडवीत अंथरलेल्या गाद्या. पण तिथे फसवणूक झाल्याची तक्रार क्वचितच ऐकू येई. याचे श्रेय केवळ कोकणी माणसाच्या सचोटीला देऊन भावुक होण्याचे कारण नाही. त्या व्यवहाराला हमीदार असे. कार्यालयातल्या सहकाऱ्याने, मावसभावाने किंवा त्या गावच्या एखाद्या चाकरमान्याने नाव सुचवलेले असे. सोय वाईट निघाली तर त्याला परत आल्यावर तोंड दाखवायचे असे, आणि तो पुढच्या वेळी गावी जाऊन घरमालकाला चार शब्द सुनावू शकत असे. पैसेही बहुतेक निघताना दिले जात. म्हणजे माहिती देणारा ओळखीचा, त्याची पत पणाला लागलेली आणि रक्कम ग्राहकाच्या खिशात. या तीन गोष्टींमुळे व्यवहार सरळ राहत असे.

संकेतस्थळांनी या तिन्ही गोष्टी आपल्याकडे घेतल्या. माहिती त्यांच्या पडद्यावर, विश्वास त्यांच्या नावावर, पैसा त्यांच्या खात्यातून. हमीदाराची जागा त्यांनी घेतली, हमी मात्र घेतली नाही. सारा घोळ येथे आहे.

आम्ही फक्त फलक लावायला भिंत देतो, असा या कंपन्यांचा युक्तिवाद असतो. या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर तो टिकत नाही. एअरबीएनबी ही कंपनी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. पहिल्या दिवसांत धंदा चालेना, तेव्हा संस्थापकांच्या लक्षात आले की न्यूयॉर्कमधल्या घरमालकांनी लावलेली छायाचित्रे अगदीच सुमार आहेत. २००९ मध्ये ते स्वतः कॅमेरा घेऊन घरोघरी गेले, चांगले फोटो काढले आणि त्या शहरातले उत्पन्न दुप्पट झाले, ही गोष्ट संस्थापकांनीच पुढे अनेकदा सांगितली आहे. तात्पर्य, फोटो हाच माल आहे, हे या धंद्यातल्या सर्वात मोठ्या कंपनीला पहिल्यापासून ठाऊक होते. कोणते घर यादीत वर दाखवायचे, कोणते विसाव्या पानावर ढकलायचे, दराशेजारी 'शेवटचे एकच घर शिल्लक' असे लाल अक्षरात केव्हा झळकवायचे, रद्द केल्यास किती रक्कम कापायची, हे सारे संकेतस्थळच ठरवते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींहून अधिक आणि ओयोला १६८ कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यातला एक मुद्दा असा होता की हॉटेलचालकांना आपल्या खोल्या दुसरीकडे कमी दरात देण्यापासून करारान्वये रोखले गेले. त्या आदेशाला कंपन्यांनी आव्हान दिले. तो भाग अलाहिदा, पण माल दुसरीकडे कोणत्या दराने विकावा हे विक्रेत्याला सांगू पाहणाऱ्याला नुसता भिंतीचा मालक कसे म्हणावे?

या कंपन्यांना जबाबदारी घेता येत नाही असेही नाही. प्रसंग आला की ती घेतली जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'व्हाइस' या अमेरिकी प्रकाशनात एका महिला पत्रकाराने आपला शिकागोतला अनुभव लिहिला. ठरवलेल्या घरी पोहोचण्याच्या काही मिनिटे आधी फोन येतो, शौचालय तुंबून घरात पाणी झाले आहे, मी तुमची दुसऱ्या, मोठ्या घरात सोय करतो. ते दुसरे घर गलिच्छ निघते. तिने शोध घेतला तेव्हा अनेक शहरांत हीच क्लृप्ती, हीच सबब आणि खोटी नावे वापरली जात असल्याचे आढळले. आपल्याकडच्या वाचकांना हा 'शौचालय तुंबले' प्रकार मुळीच परका वाटू नये. आपल्याकडे मोटार बिघडते किंवा मालकाच्या घरी अचानक कार्य निघते, एवढाच फरक. त्या लेखानंतर पंधरवड्याच्या आतच कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी आपल्याकडची सत्तर लाख घरे पडताळून पाहण्याची आणि घर जाहिरातीप्रमाणे नसेल तर पाहुण्याची दुसरी सोय करण्याची किंवा पैसे परत देण्याची घोषणा केली. जी पडताळणी अकरा वर्षे अशक्य मानली जात होती, ती एका लेखाने शक्य कोटीत आली. आज त्या कंपनीकडून घरमालकाला पैसे पाहुणा घरात शिरल्यानंतर साधारण एक दिवसाने सोडले जातात. भारतात याच क्षेत्रात असलेल्या इतर संकेतस्थळांच्या आणि मालकांच्या अटी मात्र भिन्न भिन्न आहेत, आणि समाजमाध्यमांवरून थेट आगाऊ रक्कम मागणाऱ्यांना तर अटच नाही.

ग्राहकांचे अभिप्राय वाचून निवड करा, असा सल्ला यावर हमखास दिला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरील घरांच्या गुणांकनाचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास ९५ टक्के घरांची सरासरी पाचपैकी साडेचार किंवा पाच तारे अशी आढळली. वर्गातली ९५ टक्के मुले पहिल्या श्रेणीत येत असतील तर त्या श्रेणीवरून प्रवेश देता येत नाही. माणूस घरमालकाशी चार शब्द बोललेला असतो, त्याच्या हातचा चहा प्यालेला असतो. परतल्यावर वाईट लिहिणे त्याच्या जिवावर येते. मालकही आपल्याविषयी लिहील ही धास्ती निराळी. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंटरनेटवरील अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, तेही ऐच्छिक स्वरूपात.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही, अशी समजूत आहे, ती खरी नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्ये वस्तूंप्रमाणेच सेवांचाही स्पष्ट उल्लेख आहे. संकेतस्थळावरील वर्णन आणि छायाचित्रे अचूक आहेत आणि वस्तूच्या किंवा सेवेच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळतात, असे हमीपत्र संकेतस्थळाने विक्रेत्याकडून घ्यायचे आहे. जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये सेवेत नसतील तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. यादीतला क्रम कोणत्या निकषांवर ठरतो, हेही संकेतस्थळाने सांगायचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला भुलवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. खोटी घाई निर्माण करणे, एक दाखवून दुसरेच गळ्यात मारणे आणि दर टप्प्याटप्प्याने वाढवत नेणे या तिन्ही गोष्टी त्यांत आहेत. म्हणजे फोटोतल्या बंगल्याचे जवळजवळ संपूर्ण वर्णन सरकारी राजपत्रात येऊन गेले आहे.

मग अडते कोठे? पहिली अडचण वेळेची. याच नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तिचे निवारण महिन्याभरात करायचे. मिक्सर बिघडला तर ही मुदत ठीक आहे. शुक्रवारी रात्री बंगल्यावर पोहोचलेल्या कुटुंबाची सुट्टी रविवारी दुपारी संपते. पोच येण्याच्या आतच ते घाट चढून परत आलेले असते. मधल्या काळात ते त्याच घरात राहिले, म्हणजे सेवा घेतली, असा मुद्दा उलट त्यांच्याविरुद्ध मांडला जातो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. हे नियम एखाद्या व्यक्तीने वैयक्तिकरीत्या केलेल्या व्यवहाराला लागू नाहीत, जर तो व्यवहार नियमित किंवा पद्धतशीर चालणाऱ्या धंद्याचा भाग नसेल. जुना सोफा विकणाऱ्या गृहस्थाला संरक्षण देण्यासाठी ही पळवाट ठेवली असावी आणि त्या हेतूत वावगे काही नाही. परंतु 'हे माझे स्वतःचे घर आहे, आम्ही नसतो तेव्हा अधूनमधून देतो' असे म्हणणारा बंगलामालक याच आडोशाला उभा राहतो. मूळ कायद्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या तरतुदी त्याच्याविरुद्ध वापरता येतात, हे खरे. पण तो धंदा करतो हे सिद्ध करण्याचा भार व्यवहारात ग्राहकावर येऊन पडतो. आणि संकेतस्थळ? ते माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७९ मधील मध्यस्थाच्या संरक्षणाचा आधार घेते. आम्ही हमीपत्र घेतले होते, ते खोटे निघाले, यात आमचा काय दोष?

गंमत अशी की करवसुलीच्या वेळी हेच सरकार संकेतस्थळाला मध्यस्थ मानत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ९(५)खालील तरतुदीनुसार, नोंदणी नसलेल्या मालकाने संकेतस्थळामार्फत दिलेल्या निवास सेवेवरचा कर संकेतस्थळ कंपनीने भरायचा असतो. जणू सेवा तिनेच पुरवली. कारण उघड आहे. गावोगावच्या हजारो घरमालकांच्या मागे लागण्यापेक्षा जिथे पैसा जमतो त्या एका खिडकीशी उभे राहणे सरकारला सोपे वाटले. हाच न्याय ग्राहकाला का नको? कर कोणाकडून घ्यायचा हे ठरवताना जे शहाणपण सुचले, ते परतावा कोणाकडून मागायचा हे ठरवताना आठवत नाही.

ग्राहक आयोगाचा मार्ग अर्थातच खुला आहे आणि तो पूर्वीपेक्षा सोपाही झाला आहे. आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. ठाण्याच्या माणसाला त्यासाठी मडगावला खेटे घालावे लागत नाहीत. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, अर्ज इंटरनेटवरून करता येतो आणि दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र 'कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही' ही अट मुळातच अन्यायकारक आहे, असे ठरवून घ्यायचे असेल तर अशा अन्याय्य कराराच्या तक्रारीचा अधिकार कायद्याने जिल्हा आयोगाकडे न देता राज्य आयोगाकडे दिला आहे. अठरा-वीस हजारांच्या वादासाठी राज्य आयोगापर्यंत जाणारा माणूस विरळा. आणि जो जिल्हा आयोगापर्यंत जातो, त्याच्याकडे जाहिरातीची त्या दिवशीची प्रत नसते. तक्रार करताच वर्णन बदलते, 'खासगी' हा शब्द गळतो, दोन फोटो नाहीसे होतात. पैसे भरण्यापूर्वी पडद्याची छबी जपून ठेवणे आणि घरात शिरताच चित्रफीत काढून त्याच रात्री लेखी तक्रार धाडणे, एवढे करणाऱ्याची बाजू पुष्कळ भक्कम होते. हे करणारे थोडेच, कारण सहलीला निघालेला माणूस पुरावे गोळा करायला निघालेला नसतो.

या सगळ्याची सर्वाधिक किंमत पर्यटक मोजतो असे वाटते. माझ्या मते ती सचोटीने घर चालवणारा मोजतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू मागे हटतो आणि खराब माल उरतो. २००१ चे नोबेल त्यांना ज्या कामासाठी विभागून मिळाले, त्याच्या मुळाशी हा निबंध होता. आपल्या किनारपट्टीवर तो ताडून पाहता येतो. दिवेआगरातल्या ज्या बाईने दर पावसाळ्यानंतर भिंती रंगवल्या, गाद्या बदलल्या, फोटोही आहे तसे साधेच लावले, तिचे घर पडद्यावर शेजारच्या चकचकीत फोटोपुढे फिके दिसते. पाहुणा शेजारी जातो, फसतो आणि घरी येऊन म्हणतो, 'दिवेआगरात आता काही राम राहिला नाही.' पुढच्या वर्षी तो तिच्याकडेही येत नाही. तिला डागडुजीचा खर्च परवडेनासा होतो. तीही मग पुतण्याला सांगून रुंद कोनाचे फोटो काढून घेते.

पाहुण्यांचीही बाजू तपासली पाहिजे. सहा जणांचे आरक्षण करून चौदा जण उतरणारे, रात्री दोनपर्यंत गाणी लावणारे, निघताना भाडे कमी करून घेण्यासाठी नसलेला दोष शोधणारे महाभाग कमी नाहीत. एका वाईट अभिप्रायाची धमकी देऊन फुकट जेवण उकळणाऱ्यांच्या कथा कोणत्याही घरमालकाकडून ऐकाव्यात. म्हणूनच घराची अवस्था कोणा तिसऱ्याने नोंदवलेली असणे मालकाच्याही हिताचे आहे.

युरोपने यासाठी निवडलेला मार्ग रुक्ष आहे, पण बिनतोड आहे. प्रत्येक घराला नोंदणी क्रमांक आणि क्रमांकाशिवाय जाहिरात नाही. स्पेनमध्ये १ जुलै २०२५ पासून अल्पमुदतीच्या भाड्यासाठी असा राष्ट्रीय क्रमांक सक्तीचा झाला. त्याआधी मे महिन्यात तेथील ग्राहक मंत्रालयाने एअरबीएनबीला ६५ हजार ९३५ जाहिराती काढायला सांगितले होते. काहींवर परवान्याचा क्रमांक नव्हता, काहींवर चुकीचा होता आणि काहींत मालक हा व्यक्ती आहे की व्यावसायिक हे सांगितलेले नव्हते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमनात अंमलासाठी २० मे २०२६ ही तारीख ठरवली. या निर्बंधांमागे स्थानिकांना घरे मिळेनाशी होण्याचा प्रश्न प्रामुख्याने होता, हे मान्य. तथापि क्रमांकामुळे घराला पत्ता, मालकाला नाव आणि तक्रारीला ठिकाण मिळते, आणि आपल्या ग्राहकाला नेमके तेच हवे आहे.

आपल्याकडे साहित्य तयार आहे. गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. महाराष्ट्रात निवास व न्याहरी योजना आहे, २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे, त्यांखाली नोंदणी होते, तपासणी होते. नोंदणी करणारा घरमालक दाखला भिंतीवर चौकटीत लावतो. पडद्यावर मात्र त्याचे आणि विनानोंदणी घराचे स्थान सारखेच. तो क्रमांक जाहिरातीत दाखवणे सक्तीचे केले, छायाचित्रावर ते काढल्याचा महिना आणि वर्ष छापायला लावले आणि पाहुण्याने घरात शिरून होकार देईपर्यंत रक्कम मालकाकडे जाऊ दिली नाही, तर नवा कायदा करण्याची गरजच फारशी उरत नाही. छोट्या घरमालकावर याचा बोजा पडेल असा आक्षेप येईल. महिना आणि वर्ष छापायला काही खर्च येत नाही, आणि एक दिवस उशिरा पैसे मिळाल्याने ज्याचे घर खरे आहे त्याचे काही बिघडत नाही.

सुरक्षिततेसाठी तर हे याहून निकडीचे आहे. लोणावळ्याच्या बंगल्यांतील तलावांत लहान मुले बुडाल्याच्या बातम्या याआधी येऊन गेल्या आहेत. जाहिरातीत तलावाची निळाई दिसते. त्याची खोली किती, त्याला कठडा आहे का, रात्री दिवा लागतो का, देखरेखीला कोणी असते का, हे तिथे लिहिलेले नसते आणि विचारणेही सुचत नाही. नोंदणी अधिकारी एकदा जागेवर जाऊन येतो तेव्हा यातल्या निदान दोन गोष्टी त्याच्या नजरेस पडतात.

मात्र 'नियमित' या शब्दाचा अर्थ लागल्याखेरीज यातले बरेचसे अधांतरीच राहील. वर्षातून किती रात्री घर भाड्याने दिले म्हणजे तो धंदा झाला, हे २०२० च्या नियमांत कोठेही सांगितलेले नाही. तो आकडा केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने ठरवायचा आहे. दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक भिंतीवरून पडद्यावर आणण्याचे काम मात्र राज्याच्या पर्यटन खात्याकडे आहे, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.